पोरीला पायी आणीन

धुळ्यात माझं खरं नाव माहीत असलेली माणसं फार थोडी. बाकी सगळ्यांसाठी मी शेकवाली ताई. मुंबईला शिकून, पदवी घेऊन ऐंशीनंतर दोन-चार वर्षांनी मी आग्रा रोडवरच्या एका हाडांच्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले, तेव्हा हा शब्द उच्चारायला दवाखान्यातल्या सिस्टरसुद्धा कंटाळायच्या. तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. तिच्यात विजेच्या शेकाचं एक मशीन, मेण वितळवायचं भांडं, भिंतीला कप्प्या आणि दोऱ्या, चार-दोन वाळूच्या पिशव्या. एवढ्या संसारावर मी नोकरी संपेपर्यंत काम केलं.

पेशंटला शेक आवडायचा. मशीन घूं घूं करायचं, अंगाला ऊब लागायची, काहीतरी इलाज चालल्यासारखं वाटायचं. लाईट गेली तर माणसं ती येईपर्यंत बाकावर बसून राहायची. पण तेवढ्या वेळात मी सांगितलेली कसरत करा म्हटलं की चेहरे पडायचे. जळगावचे एक सराफ खांदा आखडला म्हणून महिनाभर यायचे. मी सांगितलेली कसरत शिकायला त्यांनी आपल्या मुनिमाला बरोबर आणलं. "याला नीट दाखवा, हा मला घरी आठवण करून देईल," म्हणाले. महिन्याने शेटजींचा खांदा होता तिथेच होता, मुनिमाचा मात्र झकास झाला होता. या अंकाच्या संपादकबाईंनी मला असंच काहीतरी लिहायला सांगितलं आहे. तुमच्याकडे पेशंटच्या गमतीजमती खूप असतील, त्या लिहा म्हणाल्या. आहेत खूप. पण लिहायला बसलं की पेनातून दुसरंच उतरतं, त्याला मी काय करू.

आधी माझा धंदा काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. हाड म्हणजे पांढरा दगड, असं बहुतेकांना वाटतं. ते जिवंत असतं. रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. ज्या हाडावर भार पडतो ते घट्ट होतं, ज्याला कामच नाही ते आतून पोकळ होत जातं. भार कसा पडतो, तेही महत्त्वाचं. लंगडी, खो-खो, दोरीवरच्या उड्या, असल्या खेळांत पाय आपटतो, दिशा बदलते, मधेच बसायला मिळतं. हाडाला असेच थोडके, वेगवेगळे धक्के मानवतात. एकच धक्का तासभर देत राहिलं तर ते ऐकेनासं होतं. आपण तरी एकच कीर्तन किती वेळ ऐकणार? मधे उसंत दिली की पुन्हा कान देतं. हे मी तेव्हा अनुभवाने आणि थोडं अंदाजाने सांगायचे. आता म्हणे त्याच्यावर मोठमोठे लेख येतात.

आणि उसंत फार झाली तर? युनूसभाईंचं सांगते. ते सुतार. स्लॅबच्या फळीवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. त्या काळी ऊठसूट ऑपरेशनं होत नसत. पायाला वजन टांगून माणसाला दोन-तीन महिने खाटेवर ठेवायचे. युनूसभाईंचं हाड सुरेख जुळलं. घरी जाताना मी त्यांना उभं कसं राहायचं, वॉकर धरून पाऊल कसं टाकायचं ते दाखवलं. त्यांची बायको मायाळू बाई. तिने नवऱ्याला पाण्याचा पेलासुद्धा स्वतःच्या हाताने उचलू दिला नाही. सगळा हिवाळा झोपवून ठेवलं, तूप-खिमा खाऊ घातला. उन्हाळ्यात त्यांना परत आणलं, तेव्हा तोच पाय गुडघ्याच्या वर नव्याने मोडला होता. एक्स-रेमध्ये हाड इतकं फिकट, की फिल्मच पुसून पाहावीशी वाटली. डॉक्टरांनी विचारलं, पडलात कुठे? युनूसभाई कसनुसं हसले. "साहब, मैं गिरा नहीं. मैंने तो बस करवट ली." ते पुन्हा उठले नाहीत. पाठीला जखमा झाल्या, पावसाळ्यात छातीत कफ भरला आणि गेले. त्यांची बायको मला म्हणत राहिली, मैंने तो आराम ही दिया था ना, ताई.

तर मी आयुष्यभर दोनच वाक्यं बोलले. झोपलेल्याला म्हटलं, उठा. धावणाऱ्याला म्हटलं, थांबा. आणि माणसं अशी, की जो तो दुसऱ्याला सांगितलेलं वाक्य आपलं समजून घरी न्यायचा.

रेखा आली ती माघ संपता संपता, एका बाजाराच्या दिवशी. पारोळ्याच्या अलीकडे बोरी नदीच्या काठचं एक गाव, तिथली ही मुलगी. विशीच्या आतबाहेरची, सडपातळ, उंच. बरोबर तिची आई इंदुबाई. बाप लहानपणीच गेलेला, धाकटा भाऊ शाळेत, घरची दोन बिघे जमीन, एक म्हैस. मुलीने पोलिसांत जायचं ठरवलं होतं. त्या वर्षांत बायकांची भरती जरा वाढली होती आणि गावोगावच्या पोरींच्या डोळ्यांपुढे खाकी वर्दी यायला लागली होती. गावातले एक शाळामास्तर मुलांना भरतीसाठी पळवायचे, त्यांत या दोघी मुलीही पळायच्या, रेखा आणि तिची मैत्रीण शोभा.

"ताई, पोरना गुडघा दुखस. जरा शेक द्या ना," इंदुबाई म्हणाल्या.

गुडघा मी पाहिला. गुडघ्याला काहीच नव्हतं. मग मी रेखाला टेबलावर झोपवलं, मांडी दुमडून पाय आतल्या बाजूला फिरवला. तिने ओठ दाबून धरले, पण चेहरा पांढरा झाला. खुब्याचं दुखणं बऱ्याच वेळा गुडघ्यात दुखतं, हे आमच्या धंद्यातलं साधं शहाणपण. मी शेकाचं मशीन बंदच ठेवलं आणि तिला प्रश्न विचारायला सुरुवात केली.

कधीपासून दुखतंय? संक्रांतीपासून. पळतेस कुठे? डांबरी रस्त्यावर, गावापासून हायवेच्या फाट्यापर्यंत आणि परत. रोज? रोज. एखादा दिवस सुट्टी? तिने मान हलवली. "सर म्हणतात, एक दिवस खाडा झाला की आठ दिवसांची मेहनत वाया जाते. खाडा चालत नाही."

"आणि आधी काय खेळायचीस?"

"खो-खो. शाळेच्या टीममधे होते मी." तेवढं सांगताना मात्र ती हसली.

खाणं काय, विचारलं. सोळा सोमवार नोकरीसाठी धरलेले. गुरुवार आधीपासूनचा. चतुर्थी, एकादशी होतीच. सकाळी उपाशीपोटी पळायचं, कारण सरांनी सांगितलं होतं की भरल्या पोटी दम लागतो. इंदुबाईंना मी बाहेर बाकावर बसवलं आणि पाळीचं विचारलं. ती दिवाळीपासून बंद होती. रेखाला त्याचं बरंच वाटत होतं, पळताना एक कटकट कमी. घरात मात्र त्यावरून भलताच संशय घेऊन झाला होता. आईने तिला गुपचूप पारोळ्याला तपासायलाही नेलं होतं. तिथे कळलं की तसलं काही नाही, म्हणून सगळे गप्प बसले. पण नाही तर मग पाळी बंद का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. अंगात खाल्लेलं पुरत नसलं की बाईचं शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडांतला ऐवज काढून खायला लागतं. ही पोर खो-खोने कमावलेली हाडं रोज त्या डांबरावर उधळत होती.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि एका जागेवर बोट ठेवलं. मांडीचं हाड जिथे वळून खुब्यात शिरतं तिथल्या मानेला, खालच्या अंगाला, केसाएवढी रेघ होती. त्यांनी ॲडमिट व्हायला सांगितलं. इंदुबाई म्हणाल्या, म्हैस कोण पाहील? शेवटी ठरलं ते असं: दीड महिना कुबड्या, दुखरा पाय जमिनीला टेकवायचाच नाही, उपास बंद, मग पुन्हा फोटो, आणि मग हळूहळू.

त्या दिवसांत आमच्या दवाखान्यासमोरचा रस्ता दुरुस्तीला काढलेला होता. मी दोघींना दारात आणून तो दाखवला. "हे बघा," म्हटलं, "खराब रस्ता दुरुस्त करायचा तर आधी उकरतात. उकरला की तो आधीपेक्षाही कच्चा. मग खडी, मग डांबर, मग रोलर. हाडाचं तसंच. तुझं शरीर आता ते उकरतंय. थोड्या दिवसांनी दुखायचं थांबेल. पण दुखायचं थांबलं म्हणजे डांबर पडलं असं नाही. त्या वेळी त्याच्यावरून ट्रक नेलात तर रस्ता राहणार नाही."

रेखाला समजलं. ती हुशार होती. कुबड्यांवर जिना कसा उतरायचा ते एकदाच दाखवलं, दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. जाताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, भरती जूनमधे आहे. तोपर्यंत?"

"या खेपेला नाही, रेखा. पुढच्या खेपेला."

"पुढच्या खेपेपर्यंत मला घरी ठेवतील का?" एवढं बोलून ती कुबड्या टेकत आईच्या मागे गेली. एरंडोलकडचं एक स्थळ घरात बोलणीपर्यंत आलेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या मुलीला एक भरती म्हणजे नुसती नोकरी नव्हती.

तीन आठवड्यांनी मायलेकी परत आल्या. एकच कुबडी, तीही काखेत नुसती धरलेली. मी पाहताक्षणी भडकले. गावात तरण्याताठ्या पोरीने कुबड्या घेऊन हिंडणं बरं दिसत नाही, स्थळाच्या माणसांनी पाहिलं तर काय, असं शेजारणींनी सांगितलेलं. घरात मात्र ती बसूनच होती, भाकरीही पाटावर बसून थापत होती, आणि उपास सोडले होते. तेवढं तरी ऐकलं होतं. पाय फिरवून पाहिला. दुखत नव्हता.

इंदुबाईंचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. "दुखनं गयं, ताई! बठ्ठं गयं. सप्तशृंगी मायनी लाज राखी." त्यांनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

"मायने राखली आणि कुबडीनेही राखली," मी म्हटलं. "अजून तीन आठवडे. दुखत नसलं तरी. रस्त्याचं सांगितलेलं लक्षात आहे ना?" रेखाने मान डोलावली. तिची नजर खाली होती. पोरगी दमली असेल, असं मला वाटलं.

चैत्र लागला की खानदेश चालायला लागतो. वणीच्या गडावर सप्तशृंगीची यात्रा भरते पौर्णिमेला, आणि तिला पोचायला गावोगावचे लोक आठ-दहा दिवस आधी भगवी निशाणं घेऊन पायी निघतात. शिरपूर, चोपडा, पारोळा, सगळीकडचे जथे धुळ्यावरून मालेगाव, मग देवळा, कळवण करत नांदुरीच्या पायथ्याशी जातात. ऊन असं की चपलेचा तळवा डांबराला चिकटावा, आणि निम्मे लोक अनवाणी. आमच्या दवाखान्याच्या दारात आम्ही दरवर्षी बादली, सॅव्हलॉन, कापूस घेऊन बसायचो आणि येईल त्याचे फोड बांधायचो. मला स्वतःला गडाची ओढ आहे. मी एसटीने जाते. देवीने मला त्याबद्दल कधी बोल लावलेला नाही.

त्या वर्षीही बसले होते. पारोळ्याकडचे जथे दुपारी गेले. ढोल, टेंपोवर कर्णा, पुढे निशाण, मागे बायकांची रांग. कितीतरी पाय माझ्या हातांखालून गेले.

पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी एक काळी-पिवळी जीप दवाखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. मागच्या बाकावर आडवी टाकलेली रेखा, तिचं डोकं इंदुबाईंच्या मांडीवर. उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं. हे असं पाऊल दिसलं की एक्स-रे नंतर काढतात, कळतं आधीच.

ती गडावर जाऊन आली होती. सगळी वाट चालली, गडाच्या पायऱ्या चढली, दर्शन घेतलं, ओटी भरली, पायऱ्या उतरली. परतीला सगळ्यांबरोबर एसटीत बसली. गावाच्या फाट्यावर गाडी थांबली, ती खाली उतरली, उजवा पाय रस्त्यावर टेकला आणि कड्कन आवाज आला. मागच्या बाईला वाटलं, हिच्या हातातला नारळ पडला.

"काय केलंत हे?" मी जीपच्या दारातच ओरडले. "कशाला पाठवलंत तिला?"

इंदुबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांना माझा प्रश्नच कळला नव्हता. "मी बोलेल शे, ताई," त्या म्हणाल्या. "पोरना पाय बरा व्हऊ दे, पोरले तुना दारले पायी आनसू. पाय बरा व्हयना. मंग फेडाले नको?"

मी बरेच नवस ऐकले आहेत. तुळाभार ऐकलेत, बोकड ऐकलेत, केस देणारे पाहिलेत. पण ज्या पायासाठी नवस बोलायचा तो त्याच पायाने फेडायचा, यातलं उलटं कुणाला कसं दिसलं नाही, याचा मला आजही राग येतो. दीड महिना बसून राहायचं होतं. त्यातल्या विश्रांतीने दुखणं गेलं, त्याचं श्रेय देवीला मिळालं, आणि देवीचं देणं फेडायला ते अर्धं उकरलेलं हाड मालेगावच्या रस्त्याला लागलं. आईने यात काही वाईट चिंतलं नव्हतं. लोकांची देणी थकली तर थकली, देवाचं थकवू नये, हे तिला तिच्या आईने शिकवलेलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी रेखा माझ्याशी बोलली. वाटेला लागल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच जांघेत ओढायला लागलं होतं. तिने बरोबरच्या बायकांना सांगितलं. त्यांनी तेल चोळलं आणि दटावलं, नवसाच्या वाटेवर दुखणं तोंडाने बोलायचं नसतं. सामानाचा टेंपो शेजारून चालला होता, पण त्यात बसली असती तर नवस मोडला असता. मग ती बोललीच नाही.

"तुला तर माहीत होतं, रेखा. तुला मी रस्ता दाखवला होता."

"माहीत होतं." ती छताकडे पाहत होती. "पण गेले नसते आणि नंतर कधीही पाय दुखला असता, तर सगळे म्हणाले असते, हिने देवीला फसवलं. पुढच्या भरतीला नापास झाले असते तरी तेच म्हणाले असते. मला एकदाचं फेडून मोकळं व्हायचं होतं." मग म्हणाली, "ताई, मी दवाखान्यासमोरून गेले. तुम्ही एका म्हाताऱ्याचा पाय बांधत होतात. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि पलीकडच्या बाजूने गेले."

मी तिच्या पायाखालची उशी नीट केली.

डॉक्टरांनी हाड बसवलं, स्क्रू घातले. काम चोख झालं. पण त्या ठिकाणचं हाड मोडलं की खुब्यातल्या गोळ्याला जाणारं रक्त तुटतं. ते परत सुरू होईल की नाही, हे कुणाच्या हातात नसतं. झालं नाही तर गोळा हळूहळू वाळतो, चुरतो. हे डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या. डॉक्टर खोलीबाहेर गेल्यावर त्या कॉटच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटायला लागल्या. "माय सप्तशृंगी, मनी पोरले उभी कर. तिले परत पायी तुना दारले..."

"माय," रेखा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "नवस बोल. पन आते तुना पायस्ना बोल."

इंदुबाईंचे हात जोडलेलेच राहिले. आता तुझ्या पायांचा बोल, एवढंच ती म्हणाली होती. मी त्या खोलीत सलाईनची बाटली पाहत उभी राहिले, कारण त्या दोघींकडे पाहवत नव्हतं.

गावात बोलणारे बोलत होतेच. नवसात काही चुकलं असेल. विटाळशी गेली असेल, असंही कुणीतरी म्हणालं, आणि हे मला फार लागलं, कारण त्या मुलीला विटाळ व्हावा इतकंही रक्त तिच्या अंगात उरलं नव्हतं. मास्तर एकदा भेटायला आले. टोपी हातात घेऊन म्हणाले, मुलीत जिगर होती, नशीब आडवं आलं. मी त्यांना विचारलं, बाकीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी देता का आता? ते म्हणाले, "तसं केलं तर पोरं आळशी होतात, ताई." पालथ्या घड्यावर पाणी. पुढच्या वर्षांत त्यांच्याच पोरांच्या नडग्यांचे एक्स-रे आमच्याकडे येत राहिले.

जूनमध्ये भरती झाली. शोभा निवडली गेली. ट्रेनिंगला जाण्याआधी ती रेखाला भेटायला माझ्या खोलीत आली, तेव्हा रेखा कप्पीच्या दोरीने पाय वर-खाली करत होती. दोघी थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलल्या. मग रेखा म्हणाली, "बूट आणलेस का? दाखव ना." शोभाने पिशवीतून नवे काळे बूट काढले. रेखाने एक बूट हातात घेतला, उलटा करून तळ पाहिला, आत हात घालून पाहिला आणि परत दिला. शोभा गेल्यावर तिने दोरी सोडून दिली. त्या आठवड्यात तिने कसरत केली नाही आणि मी तिला एकदाही रागावले नाही.

दिवाळीच्या सुमारास गोळा वाळल्याचं फोटोत दिसलं. दुसरं ऑपरेशन झालं. एवढ्या कोवळ्या वयात कृत्रिम सांधा घालायचा तर तो किती वर्षं टिकणार, शिवाय त्याची सोय तेव्हा धुळ्यात नव्हती. जे करता येण्यासारखं होतं ते केलं. खुबा जवळजवळ आखडून बसला, पाय आखूड राहिला. बुटाला जाड तळ लावून ती चालायला शिकली. चाल सरळ दिसावी म्हणून तिने माझ्याकडून जितकं शिकता येईल तितकं शिकून घेतलं, आणि तरी ती सरळ दिसली नाही. एरंडोलचं स्थळ केव्हाच परत गेलं होतं. माघात ती एका मावशीकडे सुरतेला गेली. तिथे साड्यांना टिकल्या लावायचं काम मिळालं. दिवसभर बसून करायचं काम. जी मुलगी माझं ऐकून दीड महिना बसली असती तर पळाली असती, तिला आता जन्मभर बसायचं होतं.

मग पुन्हा चैत्र आला. मी बादली आणि कापूस घेऊन दवाखान्याच्या दारात बसले. मनातून त्या वर्षी बसायचं नव्हतं, पण पाय तर येतच राहणार. पारोळ्याकडचा जथा आला तेव्हा ऊन टळटळीत होतं. त्या रांगेतून एक बाई बाजूला झाली आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसली. पदर खांद्यावर, तोंड उघडं, पाय अनवाणी. इंदुबाई होत्या. वर्षात दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या.

त्यांचे दोन्ही तळवे फोडांनी भरलेले होते. एका टाचेची कातडी सुटली होती. मी धुतलं, औषध लावलं, पट्टी बांधली. हात काम करत असले की तोंड सवयीचं बोलतं. मी म्हटलं, "इंदुताई, मालेगावला एक दिवस थांबा. पायांना उसंत द्या. लगेच निघू नका."

"हाई तुम्ही मनी पोरलेबी सांगेल व्हतं," त्या म्हणाल्या.

त्या उठायला लागल्या. मी त्यांचा हात धरला. मला राहवलं नाही. "इंदुताई, दोन ऑपरेशनं झाली. पोरगी लंगडी राहिली, परक्या गावी गेली. पाय बरा झालाच नाही, मग नवस कशाचा फेडताय?"

त्यांनी माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि बांधलेले पाय जमिनीवर टेकवले.

"फेडाले नही, ताई. भांडाले जास मी. देवीले इचारसू, तुले पायच पाहिजे व्हतात, तं मना काबर नही लिनात?"